ट्रॅकला जाताना आय-५ हायवेवर ट्रेलरचा टायर फुटला, नवीन टायर कुठले घेऊ? हवा किती ठेवू?

फ्रीमाँटचा_सी५

नमस्कार मंडळी, इथे बे एरियात आपले बरेच जण ट्रॅक डे करतात म्हणून विचारतोय, थोडं लांबलचक आहे पण पूर्ण वाचा प्लीज.

माझ्याकडे कॉर्व्हेट सी५ आहे, आधी सोनोमा आणि थंडरहिलच्या रेस ट्रॅकला चालवतच न्यायचो, पण दोन वर्षांपूर्वी ट्रॅकवर क्लच गेला आणि गाडी घरी आणायला जी काय धावपळ झाली त्यानंतर ठरवलं की आता ट्रेलर. सेकंडहँड ॲल्युमिनियमचा ओपन ट्रेलर घेतला, दोन ॲक्सल आहेत, प्रत्येकी ३५०० पाउंडचे, टॉर्शनवाले (पट्टीच्या स्प्रिंगऐवजी पीळ घेणारे), इलेक्ट्रिक ब्रेक आहेत. ओढायला जुना रॅम २५०० पिकअप ट्रक घेतला. टायर ट्रेलरबरोबर आलेलेच होते, एसटी (खास ट्रेलरचे) २०५/७५ आर १५, लोड रेंज (वजन पेलायची श्रेणी) सी. नक्षी अगदी नव्यासारखी, आधीच्या मालकाने फार वापरलाच नव्हता, म्हणून मी पण खूश.

जूनमध्ये बटनविलोच्या ट्रॅकला निघालो, फ्रीमाँटहून दोनशे मैलांच्या वर आहे. सकाळी निघायचं ते साडेदहा वाजले, हॅरिस रँच मागे टाकलं तेव्हा बाहेर १०२ फॅरनहाइट म्हणजे आपलं ३९ सेल्सियस. मी ताशी ७० मैलांनी चाललो होतो, सगळे तसेच चालतात. केटलमन सिटीच्या अलीकडे एक ट्रकवाला बाजूने हॉर्न मारत मारत हात दाखवायला लागला. आरशात बघतो तर मागून धूर. मला स्टेअरिंगला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं!! रॅम एवढी जड की मागे काय चाललंय ते कळतच नाही.

थांबवून बघितलं तर मागच्या ॲक्सलचा उजवा टायर. पूर्ण पट्टाच्या पट्टा सोलून निघालेला, त्या पट्ट्याने आपटून आपटून ट्रेलरचं फेंडर वर वाकवलं, ब्रेकची वायर तोडली, आणि कॉर्व्हेटच्या उजव्या बाजूला मागच्या पॅनलला एक वीतभर चीर पाडली. स्पेअर होता पण ट्रकचा जॅक ट्रेलरखाली नीट लागेना आणि ट्रकचा पाना ट्रेलरच्या नटला बसेना. दोन तास उन्हात, शोल्डरवर, बाजूने अठरा चाकी जातायत. बायको आणि मुलगा बरोबर होते. त्या दोन तासांत मला जे काही वाटलं ते मी इथे लिहू शकत नाही.

तर प्रश्न असे. एक, लोड रेंज डी घेऊ का ई? दोन, कोणी म्हणतं एसटी टायर सगळे बेकार, लाइट ट्रकचे एलटी टायर टाक, ते खरं का? तीन, हवा मी ३५ ठेवत होतो कारण कॉर्व्हेटला ३० सांगतात आणि टायरवर छापलेली ५० म्हणजे मला फार वाटली, ट्रेलर उड्या मारेल, उन्हात अजून वाढून फुटेल असं वाटलं. हे चुकलं का? आणि टायर नवा दिसत असताना फुटला कसा हेच मला कळत नाहीये.

---

ह्यूस्टन_ट्रॅकरॅट

बापरे भाऊ, सगळे सुखरूप आहात ना, ते आधी महत्त्वाचं. गाडीचं पॅनल मिळेल परत.

मी दहा-बारा वर्षं माझी छोटी स्पोर्ट्स कार मियाटा ओढतोय, टेक्सासच्या उन्हात, त्यामुळे दोन टायर माझे पण गेलेत, म्हणून काही गोष्टी विचारतो त्या बघून सांग.

पहिलं, फुटलेल्या टायरची साईडवॉल शिल्लक असेल तर तिच्यावर डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाच. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. कधी कधी हे चार आकडे फक्त एकाच बाजूला असतात, ती बाजू आत गेलेली असेल तर ट्रेलरखाली आडवं पडून बघावं लागतं. लोक नक्षी बघून टायर घेतात, ट्रेलरच्या टायरची नक्षी झिजतच नाही रे, वर्षातून हजार-दोन हजार मैल चालतो तो, बाकी वेळ उन्हात उभा. तो झिजून मरत नाही, वयाने मरतो. माझा नियम पाच वर्षं, सहावं लागलं की काढून टाकायचा, कितीही छान दिसू दे.

दुसरं, तुझा ट्रेलर जोडलेला असताना सपाट जमिनीवर लांबून बघ, नाक वर आहे का? रॅम २५०० उंच असते, लोक ट्रकबरोबर मिळालेला बॉल माउंट (ट्रेलर ज्या बॉलला जोडतो तो बसवायचा दांडा) तसाच लावतात आणि ट्रेलर पुढून वर उचललेला राहतो. टॉर्शन ॲक्सलला हे अजिबात चालत नाही. पट्टीच्या स्प्रिंगवाल्या ट्रेलरला दोन ॲक्सलच्या मध्ये एक इक्वलायझर असतो, तो थोडंफार वजन इकडचं तिकडे वाटतो. टॉर्शनमध्ये प्रत्येक ॲक्सल स्वतंत्र, नाक वर गेलं की पुढची चाकं हलकी आणि सगळा भार मागच्या दोन टायरांवर. तुझा मागचाच टायर गेलाय म्हणून म्हटलं.

तिसरं, गाडी ट्रेलरवर नेमकी कुठे उभी करतोस?

---

फ्रीमाँटचा_सी५

सगळे ठीक आहोत दादा, थँक्स.

डीओटीचे शेवटचे आकडे २३१६. म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा?? नऊ वर्षांचा टायर! आणि मी तो नवा म्हणून सगळ्यांना दाखवत होतो. बाकीचे तीन पण तसेच निघाले, स्पेअर तर २०१४ चा.

नाक वर आहे, हो. बॉल माउंट दोन इंच ड्रॉपचा (बॉल तेवढा खाली आणणारा) आहे, ट्रकबरोबर आला होता. गाडी थोडी मागे उभी करतो कारण सी५ चे दरवाजे लांब आहेत आणि खाली आहेत, बरोबर फेंडरवर आपटतात, म्हणून दरवाजा उघडेल अशा जागी थांबवतो आणि मग उतरतो. ६५ च्या वर गेलो की मागे थोडं शेपूट हलल्यासारखं वाटायचं, मी समजायचो वारा असेल.

---

ॲक्रनची_इंजिनिअर

मी ओहायोत ॲक्रनला असते, टायरच्या टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढलीत, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, की नवा दिसणारा टायर फुटतो कसा. कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळेल.

रेडियल टायरमध्ये नक्षीच्या खाली पोलादी तारांचे दोन पट्टे असतात, एकावर एक, मध्ये रबर. चाक फिरतं तेव्हा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो आणि सुटला की परत गोल, ७० च्या स्पीडला हे सेकंदाला चौदा-पंधरा वेळा होतं. प्रत्येक वेळी रबर थोडं तापतं. हवा कमी असेल तर जास्त चपटा होतो, जास्त तापतो. वजन जास्त असेल तरी तेच. स्पीड जास्त तर गार व्हायला वेळच नाही. आणि सगळ्यात जास्त ताण येतो तो त्या पट्ट्यांच्या कडांना. तिथलं रबर वयाने ऑक्सिडाइज होऊन कडक झालेलं असेल तर कडेला बारीक चीर पडते, ती आतल्या आत गोल गोल वाढत जाते, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही, आणि एक दिवस वरचा पट्टा नक्षीसकट सोलून निघतो. तुम्ही वर्णन केलंत ते हेच, बेल्ट सेपरेशन. म्हणजे टायर त्या दिवशी फुटला खरा, पण त्याचं मरण बऱ्याच आधीपासून सुरू होतं.

जुन्या लोकांना आठवत असेल, ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत बोलावले, जास्त करून फोर्ड एक्सप्लोररवरचे. त्या गाडीला हवा २६ पीएसआय सांगितलेली होती, आणि अपघात जास्त झाले ते टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना, कॅलिफोर्निया अशा गरम राज्यांत. त्या टायरांच्या डिझाइनचे आणि कारखान्याचे पण दोष होते, पण कमी हवा, उष्णता, वजन आणि हायवेचा स्पीड, सगळं एकत्र आलं. त्यानंतर टायर-सुरक्षेचा ट्रेड (TREAD) ॲक्ट आला आणि पुढे सगळ्या नवीन गाड्यांना हवा कमी झाल्याचा दिवा सक्तीचा झाला. पण तो गाड्यांना. ट्रेलरला आजही तसं काही सक्तीचं नाही, आणि सगळ्यात जास्त गरज तिथेच आहे कारण ड्रायव्हरला मागचं काही जाणवत नाही, तुम्हाला नाही जाणवलं तसं.

आता तुमची ३५ ची हवा. तुमच्या साईजचा तक्ता असा आहे की ५० पीएसआयला एक टायर १८२० पाउंड उचलतो, आणि ३५ ला फक्त १४८०. कॉर्व्हेटच्या ३० शी त्याचा काही संबंध नाही, तो टायर वेगळा, त्याचं काम वेगळं. आणि "उन्हात वाढून फुटेल" ही भीती कृपा करून मनातून काढा. टायरवर छापलेला आकडा गार टायरचा आहे, चालल्यावर पाच-दहाने वाढतो ते कंपनीने धरलेलंच असतं. दर १० फॅरनहाइटला साधारण १ पीएसआय. गरम टायरमधली हवा कधीही काढायची नाही, गार झाला की तो कमी हवेवर येतो आणि पुढच्या फेरीत आणखी तापतो.

एवढ्यात काही विकत घेऊ नका, आधी वजन करा. अंदाजाने बोलण्यात अर्थ नाही.

---

संभाजीनगर_टायर

मी छत्रपती संभाजीनगरला आहे, आमचं टायरचं दुकान आहे, वडिलांपासून. ट्रेलरवर स्पोर्ट्स कार नेणं आमच्याकडे नाही, इथे तशी गाडी फ्लॅटबेडवर जाते, पण ताईंनी जे सांगितलं ते वाचून राहवलं नाही.

समृद्धी महामार्ग चालू झाल्यावर आम्ही हेच बघितलं. नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, पुढचा उन्हाळा आला, सिमेंटचा रस्ता, ताशी १२० किलोमीटरचा स्पीड, सरळच्या सरळ, आणि टायर फुटायला लागले. २०२३ मध्ये आरटीओवाले एंट्रीला उभे राहून टायर तपासायला लागले. आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन काय सांगतं, "उन्हाळा आहे, हवा दोन पॉइंट कमीच ठेवा". आम्ही रोज भांडतो लोकांशी. हवा कमी म्हणजे टायर गार राहतो हे कुणी यांच्या डोक्यात घातलं माहीत नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली ऊस भरून तीस-चाळीस वर्षांच्या टायरवर पण चालते हो, पण ती चालते वीसच्या स्पीडला. तोच टायर हायवेला नेला तर पहिल्या टोलनाक्यापर्यंत पण टिकायचा नाही.

एक विचारायचं होतं, तिकडे नायट्रोजन भरतात का? इथे लोक फार मागतात.

---

ॲक्रनची_इंजिनिअर

@संभाजीनगर_टायर दादा, अगदी बरोबर बोललात, मूळ कारण दोन्हीकडे एकच आहे. नायट्रोजन भरतात काही ठिकाणी. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फायदा असला तर एवढाच की ओलावा कमी आणि हवा थोडी हळू कमी होते. पण नायट्रोजन भरलाय म्हणून गेज लावायचंच सोडून दिलं तर साध्या हवेपेक्षा वाईट.

---

सॅक्रामेंटो_हौशी

मी वेगळं मत देतो. मी आठ वर्षं बोट ओढतोय, सिंगल ॲक्सल, ७०-७५ ने जातो, स्वस्तातले टायर, आजपर्यंत एकदाही काही झालं नाही. नशीब पण असतं. उगाच एवढं घाबरवू नका नवीन माणसाला. आय-५ वर ५५ ने गेलात तर मागचे लोक अंगावर येतात, ते जास्त डेंजर आहे.

---

ह्यूस्टन_ट्रॅकरॅट

@सॅक्रामेंटो_हौशी भाऊ तुझं काही झालं नाही हे चांगलंच आहे, पण तुझ्या बोटीचं वजन किती, तू लेक टाहोला संध्याकाळी जातोस का दुपारी, टायर किती जुना, हे काही न सांगता "नशीब" म्हणणं मला पटत नाही. माझा पहिला टायर गेला तोपर्यंत मी पण अगदी हेच बोलायचो.

आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना लिमिट ५५ आहे हे मतं मांडायचा विषयच नाही, कायदा आहे. बाजूच्या गाड्यांना ७० असेल, तुम्हाला ५५, आणि उजवीकडच्या लेनमध्ये. ट्रकवाले पण तिथेच असतात, त्यांच्या मागे लागून गेलं की कोणी अंगावर येत नाही. शिवाय बरेच एसटी टायर, विशेषतः ज्यांच्यावर स्पीडचं अक्षर छापलेलं नाही, ते ६५ धरूनच बनवलेले असतात. नव्या टायरांवर अक्षर असतं, एल म्हणजे ७५, एम म्हणजे ८१, एन म्हणजे ८७. ते अक्षर मी अडीनडीला कामी येणारी शिल्लक म्हणून धरतो. ८७ लिहिलंय म्हणून ८७ ने जायचं नाही.

---

फ्रीमाँटचा_सी५

@ॲक्रनची_इंजिनिअर ताई, वजन कुठे करायचं? घरी काटा नाही :(

---

ह्यूस्टन_ट्रॅकरॅट

मी सांगतो. कुठल्याही मोठ्या ट्रक स्टॉपला कॅट स्केलचा पिवळ्या-काळ्या रंगाचा बोर्ड असतो, जमिनीत तीन वेगवेगळे प्लॅटफॉर्म असतात. गाडी ट्रेलरवर नेहमीसारखी बांधून, टाकी भरून, टूलबॉक्स, चाकं, कॅनोपी सगळं भरून जा. ट्रकचा पुढचा ॲक्सल पहिल्यावर, मागचा दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. वजनाची चिठ्ठी मिळते. मग परत फिरून ये आणि ट्रेलरचा फक्त मागचा ॲक्सल शेवटच्या प्लॅटफॉर्मवर येईल असा उभा कर, लोकांना हेच सुचत नाही, दोन्ही ॲक्सलची बेरीज बरोबर दिसते आणि घरी जातात. मग ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून नुसत्या ट्रकचं. ट्रेलर जोडल्यावर ट्रकचं वजन जेवढं वाढलं तेवढं ट्रेलरच्या नाकाचं बॉलवर पडणारं वजन, टंग वेट. ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हवं. दहाच्या खाली गेलं की शेपूट हलतं. तुझं हलत होतं.

रात्री किंवा पहाटे जा, ट्रकवाल्यांचा धंद्याचा वेळ आहे, त्यांना अडवून तीन-तीन वेळा वजन करत बसू नको.

---

फ्रीमाँटचा_सी५

मंडळी, रविवारी पहाटे ट्रेसीजवळ जाऊन तिन्ही वजनं करून आलो (फुटलेल्या जागी तात्पुरता एक नवीन टायर घेतला, चारही ५० ला भरले आणि पूर्ण रस्ता ५० नेच गेलो). आकडे बघून मी थोडा वेळ गाडीत नुसता बसून राहिलो.

गाडी आणि सामानासकट ट्रेलर ५२५० पाउंड. त्यातलं बॉलवर फक्त ३७०, म्हणजे सात टक्के. ट्रेलरच्या दोन्ही ॲक्सलवर मिळून ४८८०. त्यातलं मागच्या एकट्या ॲक्सलवर ३१४०! पुढच्यावर १७४०.

म्हणजे मागच्या एकेका टायरवर १५७०, आणि ३५ पीएसआयला तो उचलणार १४८०. चार टायरांची बेरीज केली असती तर मी म्हटलं असतं की भरपूर आहे, काही प्रॉब्लेम नाही. दोन वर्षं मुलाला मागच्या सीटवर बसवून मी हे ओढलंय.

---

ॲक्रनची_इंजिनिअर

आकडे टाकलेत ते फार बरं केलंत, असं कोणी करत नाही. आता स्वतःला दोष देत बसू नका, उपाय सोपे आहेत.

नऊ वर्षांचा टायर, क्षमतेच्या वर वजन, ३९ डिग्री, ७० चा स्पीड. यातली एखादी गोष्ट असती तर कदाचित निभावला असता. चारही एकत्र आल्या.

टायर घेताना: तुम्हाला ई ची गरज नाही. याच साईजमध्ये लोड रेंज डी मिळतो, ६५ पीएसआयला २१५० पाउंड, तुमच्या वजनाला भरपूर. ई घेतला की हवा ८० पर्यंत जाते आणि मग रिम तेवढ्या प्रेशरचं आहे का ते बघावं लागतं, रिमच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं. व्हॉल्व्ह पण बदलावे लागतात, साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पर्यंतचे असतात. डी ला पण मी धातूचेच व्हॉल्व्ह लावून घ्या म्हणेन, रबर वाळतं आणि बुडाशी चिरतं. रिमवर छापलेलं वजन मात्र डी साठी पण तपासा, टायर २१५० चा आणि रिम त्याहून कमीचं असं बऱ्याच ट्रेलरवर असतं.

एसटी सगळे बेकार हे आता खरं नाही. (आमच्या सासूबाईंना मी फोनवर "एसटीचा टायर" म्हटलं तर त्यांना लाल परीच आठवली, इथे एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर.) मधल्या काळात बाजारात खरंच वाईट माल होता, त्यामुळे नाव खराब झालं. २०१७ ला गुडइयरने एन्ड्युरन्स आणला, अमेरिकेत बनतो, २०५ मध्ये लोड रेंज डी, स्पीड अक्षर एन, तो चांगला आहे. एलटी पण चांगले असतात पण १५ इंचात तुमच्या मापाचे फार मिळत नाहीत, जे मिळतात ते उंच, रुंद, फेंडरला घासतील. आणि कोणी साध्या कारचे पॅसेंजर टायर लावा म्हणालं तर त्यांची छापलेली क्षमता ट्रेलरवर १.१० ने भागून धरायची असते, नियमच आहे तसा. वळताना दोन ॲक्सलचा ट्रेलर टायरांना आडवा ओढतो, पेट्रोल पंपावर घट्ट वळण घेताना खाली बघा कधी, टायर कसे पिळतात ते, त्याला एसटीची कडक साईडवॉलच हवी.

चारही बदला, स्पेअरसकट. एक गोष्ट पुढे कधीही लक्षात ठेवा, दोन ॲक्सलच्या ट्रेलरचा एका बाजूचा एक टायर गेला की तो थांबेपर्यंत सगळं वजन त्याच बाजूच्या दुसऱ्यावर पडतं. तो बाहेरून ठीक दिसला तरी त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

---

ह्यूस्टन_ट्रॅकरॅट

एका गोष्टीवर ताईंचं मत विचारतो. ६५ वर ६५ च भरायची का? माझ्या मियाटासाठी मी डी मध्ये पूर्ण भरतो तर ट्रेलर खूप आपटतो आणि मधली नक्षी आधी झिजते.

---

ॲक्रनची_इंजिनिअर

मियाटा ट्रेलरसकट चार-साडेचार हजार असेल ना, मग तक्ता बघून थोडी खाली ठेवली तरी चालेल. डी टायर ५० ला पण १८२० उचलतो. पण मी गरजेपेक्षा बरीच वरच ठेवेन, ट्रेलर आपटला तरी चालेल, टायर तापायला नको. सी५ वाल्यांनी गार असताना ६० ठेवावी, वजन नीट वाटलं गेल्यावर. वजन मोजलं नसेल तर सरळ साईडवॉलचा आकडा.

---

फ्रीमाँटचा_सी५

ठीक, डी फायनल. रिम बघितलं, २१५० छापलंय, बरोबर बसतंय. आता गाडी पुढे घ्यायची तर दरवाजा कसा उघडू? खिडकीतून बाहेर पडणं मला जमत नाही, पाठीचं दुखणं आहे.

---

ह्यूस्टन_ट्रॅकरॅट

तुझ्या ट्रेलरच्या ड्रायव्हर बाजूच्या फेंडरला पिना आहेत का बघ, ॲल्युमिनियमवाल्यांमध्ये बऱ्याचदा ते फेंडर काढता येतं. नसेल तर विंच (गाडी दोराने ओढून चढवणारं यंत्र) बसव, गाडीत बसायचीच गरज नाही. टेप लावून सहा सहा इंच पुढे घेत परत काट्यावर जा, बरोबर जागा सापडली की ट्रेलरच्या डेकवर रंगाने खूण कर म्हणजे दर वेळी तिथेच. हे गाडीप्रमाणे बदलतं बरं का, सी५ चं वजन पुढे-मागे जवळपास सारखं आहे, पण उद्या कोणाची पोर्शे ९११ किंवा मिड-इंजिनची सी८ टाकलीस तर त्यांचं वजन मागे आहे, तीच खूण चालणार नाही. ९११ वाले कितीतरी लोक गाडी रिव्हर्सने चढवतात.

बॉल माउंट जास्त ड्रॉपचा घे, ट्रेलर सपाट किंवा नाक अगदी किंचित खाली.

आणि टीपीएमएस घे, म्हणजे टायरची हवा सतत मोजणारी यंत्रणा. व्हॉल्व्हवर बसणारे सेन्सर येतात, डिस्प्ले डॅशबोर्डवर, सिग्नल येत नसेल तर ट्रेलरच्या पुढे रिपीटर लावायचा. माझा दुसरा टायर गेला तेव्हा त्याने हवा उतरायला लागल्यावरच ओरडून सांगितलं, मी आरामात एक्झिट घेऊन थांबलो, फेंडरला ओरखडा पण नाही. बेल्ट आतून सुटत असेल तर ते त्याला कळत नाही पण, म्हणून थांबशील तिथे हात लावून बघायचं, किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर घे, चारही टायर आणि चारही हब. एकच टायर बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर हवा बघ, हब गरम असेल तर बेअरिंग नाहीतर ब्रेक अडकलाय. नट टॉर्क रेंचनेच, नवीन चाकं लावल्यावर १०, २५, ५० मैलांवर परत. ट्रेलरच्या नटला बसणारा पाना आणि एक लाकडाचा उतरता ठोकळा ट्रेलरवरच ठेव, चांगल्या टायरचं चाक ठोकळ्यावर चढवलं की त्याच बाजूचं फुटलेलं चाक अधांतरी होतं, जॅकच लागत नाही. (टॉर्शनला थोडा उंच लागतो, घरी करून बघ आधी.)

---

सॅक्रामेंटो_हौशी

आत्ता जाऊन बोटीच्या ट्रेलरखाली आडवा पडून बघून आलो. ०९१३. म्हणजे बारा वर्षं. मी काल जे लिहिलं ते चुकीचं लिहिलं. शनिवारी लेकला जाणार होतो, कॅन्सल केलं, आधी टायर.

---

ॲक्रनची_इंजिनिअर

@सॅक्रामेंटो_हौशी हे वाचून फार बरं वाटलं. तुमचा सिंगल ॲक्सल आहे, एक गेला तर सांभाळायला दुसरा नाही, त्यामुळे तुम्ही तर अजिबात थांबू नका. आणि जुने टायर कोणाला फुकट देऊन टाकू नका, दुकानातच जमा करा, नाहीतर ते आणखी कोणाच्या तरी ट्रेलरवर जातात.

---

फ्रीमाँटचा_सी५

तीन आठवड्यांनी अपडेट, बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून.

पाच एन्ड्युरन्स घेतले, लोड रेंज डी, दुकानात उभं राहून प्रत्येकाचा डीओटी बघून, सगळे याच वर्षीचे. दुकानदार जरा वैतागला पण बघू दिलं. धातूचे व्हॉल्व्ह. सहा इंच ड्रॉपचा बॉल माउंट. फेंडरला पिना होत्या!! दोन वर्षं मला माहीतच नव्हतं, ते फेंडर दोन मिनिटांत निघतं. गाडी चौदा इंच पुढे घेतली.

नवीन वजन: बॉलवर ६४०, म्हणजे बारा टक्के. पुढचा ॲक्सल २२७०, मागचा २३४०. एका टायरवर पावणेबाराशेच्या आसपास. शेपूट हलणं पूर्ण बंद, वारा असतानाही.

काल थंडरहिलला जाऊन आलो, पहाटे पाचला निघालो, ५५ ने. खरं सांगायचं तर पंचवीस-तीस मिनिटं जास्त लागली, बस. गार असताना ६०, विल्यम्सला थांबलो तेव्हा चारही ६५-६६ दाखवत होते आणि चारही जवळपास सारखेच गरम. येताना दुपार होती, ६८ पर्यंत गेले, मी हवा काढली नाही ताई. मुलगा दर थांब्याला थर्मामीटर घेऊन खाली उतरतो आणि वहीत आकडे लिहितो, ते काम आता त्याचं.

ट्रेलर घराबाहेर उन्हातच असतो, तेवढ्यासाठी काय करू?

---

ॲक्रनची_इंजिनिअर

टायरवर पांढरी कव्हरं घाला, खाली फळ्या ठेवा म्हणजे माती-तेलात उभे राहणार नाहीत, हवा उभ्या ट्रेलरला पण पूर्णच ठेवा, आणि महिन्यातून एकदा थोडा पुढे-मागे करा. टायरला चमकवणारे स्प्रे वगैरे लावू नका. आणि मुलाची वही जपून ठेवा, पाच वर्षांनी बघायला लागेल.

---

संभाजीनगर_टायर

दादा, त्या फुटलेल्या टायरचा फोटो असेल तर टाका ना. दुकानात मोठा प्रिंट काढून लावायचाय, हवा कमी ठेवा म्हणणाऱ्याला पुढे उभा करून दाखवतो.

---

फ्रीमाँटचा_सी५

टायरच ठेवलाय गॅरेजमध्ये, टाकला नाही. उद्या उजेडात काढतो, पट्टा सोललेली बाजू एक आणि २३१६ दिसेल असा एक.